दुभाषी, एक दिवस

मारेनच्या देशात हिवाळ्यात दुपारी तीनला दिवे लागतात,
तिनं गाडीत सांगितलं, पट्टणकोडोली मागे पडताना.
मी म्हटलं, हुपरीत दुपारी तीनला दिवे जातात.
ती हसली. मग वहीत लिहून घेतलं.

तिच्या सरकारनं पैसे दिलेत
धूर ओढणाऱ्या पंख्यांना, चाळीस चष्म्यांना,
आणि एका शब्दाला.
तो शब्द मराठीत आणायला मी. रोजावर.

समाजमंदिरात सतरंजीवर एकवीस बायका.
नखांच्या कडा काळ्या.
एकीनं पदरात काम आणलेलं,
ऐकता ऐकता ती पैंजणाला घुंगरू अडकवत होती,
न बघता.

पत्रकात छापलं होतं: प्रतिष्ठित रोजगार.
वाचलं. एक मान हलली नाही.
सभ्य काम, म्हणून पाहिलं,
तर इंदुबाई वाइंगडे म्हणाल्या,
"मग आमी काय असभ्य करतोय व्हय?"
छत हललं हसण्यानं.
मारेननं विचारलं, काय झालं?
म्हटलं, शब्द परत आला.

जैबुन मुजावर दारापाशी, उजेडाला बसलेली.
तीस वर्षं झाळ देऊन
डोळे कायम पाण्यातनं काढल्यासारखे.
"शेट किलोवर चांदी देतो, किलोवर घेतो.
घट आली की मजुरीतनं कापतो.
घट किती, ते त्याच्या काट्याला ठावं.
चिठ्ठी न्हाई.
दिली किती, घेतली किती, कापलं किती,
एवढी चिठ्ठी पायजे बग.
तिला सांग, तुजा शब्द काय बी असूंदे."

मी ते इंग्रजीत नेलं. 'घट' काही जाईना.
शेवटी हवेत चिमूट धरली आणि उडवली.
मारेन रिकाम्या चिमटीकडे बघत राहिली.
म्हणाली, तिची पणजी बंदरावर मासे चिरायची,
एका पिंपामागे एक पत्र्याचा बिल्ला.
रात्री बिल्ले मोजून पैसे.

"आनि बिल्ला हरवला तर?" जैबुननं विचारलं.
मारेनला माहीत नव्हतं.
विचारायला आता कुणी उरलं नाही, म्हणाली.
पंख्याचं खोकं कोपऱ्यात तसंच, दोरी न सोडलेलं.

मग प्रश्न सुटले, मुंग्यांसारखे.
तापानं पडलीस तर पगार मिळतो का तुला?
बाळंतपणात?
हो. हो.
प्रत्येक 'हो' मी मराठीत आणत होते
आणि तो तिथंच, सतरंजीच्या काठावर, थांबत होता.

"आनि बाई, तुमाला?"
इंदुबाईंनी मला विचारलं.
सवयीनं मी तो प्रश्नही इंग्रजीत केला.
मारेन माझ्याकडे वळली, पेन उघडं धरून,
उत्तराची वाट बघत.
घुंगरू अडकवणारे हात पहिल्यांदाच थांबले.

मी चहाचं विचारलं सगळ्यांना.

परतताना संस्थेच्या शिरगुप्पेंनी
पुढच्या सीटवरून व्हाउचर मागे दिलं.
रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवलेला. रक्कम कोरी.
"सही तेवढी करा मॅडम, आकडा ऑफिसात भरतो."
गेल्या खेपेलाही असंच. त्याच्या आधीही.
मारेन काचेतून ऊस बघत होती,
एक बैलगाडी, वाढ्याच्या पेंढ्या.

मी कोऱ्या चौकटीवर बोट ठेवलं.
"घट किती?" मी विचारलं.
"काय?" शिरगुप्पे म्हणाले.