बेचाळीस आवर्तनं

कुताइसीच्या संगीतशाळेत हीटर एकच,
तोही पियानोपाशी.
हॉर्नवाल्यांच्या वाट्याला खिडकी
आणि फटीतून येणारी रिओनी नदीची थंडी.

इराक्ली सतरा वर्षांचा.
दिवसभर स्कूटरवरून खाचापुऱ्या पोचवतो,
बोटांना चीजचा वास,
त्याच बोटांनी बाही ओढून पितळ पुसतो, हळू.

दुसऱ्या भागात बेचाळीस आवर्तनं
त्याला काहीच वाजवायचं नाही.
पहिल्या वर्षी चिडायचा :
"मास्तर, एवढ्यात माझी एक ऑर्डर पोचते!"
मी म्हणायचो, मोज.

मग मोजू लागला, मांडीवर अंगठ्यानं.
सतराव्याला ओबोला जाग येते,
एकोणतिसाव्याला नातियाचं व्हायोलिन घसरतं,
दर वेळी, तिथंच,
छत्तिसाव्याला सगळे एकदम श्वास घेतात
आणि हा ओठ ओले करतो.

फोन खिशात थरथरत असतो. असू दे.

बाप पोलंडात ट्रक चालवतो, तीन वर्षं झाली.
परवा पेटी बंद करताना इराक्ली म्हणाला,
"घरी सगळे एकच विचारत बसतात, कधी येणार, कधी येणार.
मला निदान मोजता येतं."

पुढं बोलला नाही. मीही नाही.
दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी, दौतीत टाक बुडवून,
या पोरासाठी एवढी कोरी जागा सोडली होती
आणि तिच्या टोकाला एक सूर.

काल त्रेचाळिसाव्याला तो आला.
हलक्यानं.
जरा खरखरलाच.
पण समेवर.