घामाचा रकाना

चोपड्याच्या बसस्टँडसमोर, रसवंतीला लागून
साडेसात फुटांचं माझं दुकान : मनुदेवी मोबाईल.
मे महिन्यात पत्रा इतका तापतो
की बारा ते चार मी बॅटऱ्या माठाशेजारी ठेवते.
मी पत्र्याखालीच.

येणारा आधी विचारतो, ‘भाऊ कोठे शे?’
भाऊ नाही. मीच.
मग तो फोन देतो, जरा सावकाश,
लेकरू परक्याच्या मांडीवर द्यावं तसा.

प्रश्न ठरलेले.
रात्रभर चार्जिंगला ठेवला तर चालतो का?
चालतो. पण उशीखाली नको,
आणि गोधडीत तर नकोच नको.
बॅटरी किती वर्षं जाते?
दोन, अडीच. कंपनीने मोजली ती थंड खोलीत;
ऊन आपलं.
काच फुटली, वॉरंटीत बसेल?
नाही आप्पा, पडणं बसत नाही.
मग काय बसतं?
आपोआप बिघडणं.
धुडकू आप्पा हसतात :
‘आपोआप त फक्त मानूसच बिघडस.’

कव्हर काढलं की मागे घर निघतं.
दहाची नोट, रेशनवाल्याचा नंबर,
कानबाईचा इवला फोटो,
एका पोरीच्या कव्हरात तर
हॉल तिकिटाचा कापलेला कोपरा.
सगळं मी वाटीत ठेवते, होतं त्याच क्रमाने,
आणि नव्या कव्हरात परत लावून देते.
याचे पैसे घेत नाही.

हिलाल कोळी आला तो घोडगावच्या बागेतून.
केळीचे घड वाहतो. खांद्यावर चिकाचे काळे डाग,
कव्हरावरही तेच.
फोन छातीच्या खिशात. अकरा महिने झालेले.
बिल प्लॅस्टिकच्या पिशवीत,
पिशवीला रबर, रबराला गाठ.
‘वॉरंटी शे ना, ताई?’
मी सिमचा ट्रे काढला, टॉर्च मारला.
आत एक ठिपका असतो, टाचणीच्या डोक्याएवढा,
कोरडा असेतो पांढरा.
याचा लाल.
पाणी गेलंय, दादा.
‘पानीमा पडना नही. कानबाईनी आन.’
आणि त्याने खिसा उलटा करून दाखवला :
वाळलेली पांढरी नक्षी, एकात एक,
आटत गेलेल्या तळ्याच्या काठांसारखी.
‘घाम शे.’

कंपनीच्या फॉर्मवर रकाने :
पडल्याने. दाबल्याने. जळाल्याने. पाण्याने. इतर.
‘इतर’समोर मी निळ्या पेनने लिहिलं, घामाने.
जागा उरली म्हणून पुढे, कामावर असताना.
आणि जळगावच्या सेंटरला पाठवला.

नऊ दिवसांनी परत आला, फुगेवाल्या प्लॅस्टिकात, चिठ्ठीसकट :
द्रवपदार्थाचा संपर्क. हमीबाह्य.
माझ्या शब्दांवर कुणीतरी
रेघ मारली होती. पट्टीने. अगदी सरळ.

हिलाल काही बोलला नाही.
रस पिऊन येतो म्हणाला.
मी स्क्रू काढले.
चार्जिंगच्या तोंडाशी हिरवट मीठ फुललेलं.
दात घासायचा जुना ब्रश, थोडं स्पिरीट,
आणि कपाळाला ओढणी घट्ट बांधलेली,
त्यात आणखी माझा घाम पडू नये म्हणून.

चार टक्क्यांवर लागला.
मिस कॉलचे मेसेज एकवीस,
सगळे एका नंबरचे : ठेकेदार ट्रक.

तो आला तेव्हा हातात माझ्यासाठी एक ग्लास,
वर कागद झाकलेला.
‘पैसा कितला?’
ब्रश घरचा होता. स्पिरीटचे वीस.
त्याने फोन खिशाकडे नेला, थांबला.
मग पिशवीची गाठ सोडली,
बिल काढून माझ्या टेबलावर ठेवलं
आणि बिलाच्या जागी फोन घातला.
रबर. गाठ.

पायरी उतरतो तोच पिशवीत तो वाजायला लागला.
हिलाल उभा, भर उन्हात,
नखाने गाठ सोडवत.