मासा

त्स्वेतानाबाई चौथ्या मजल्यावर राहतात,
लिफ्ट मार्चपासून बंद.
जिन्यात भाजलेल्या लाल मिरच्यांचा वास.
सप्टेंबरात अख्खं रूसे शहर असं खमंग करपत असतं,
पार डॅन्यूबच्या काठापर्यंत.

"ओग्न्यान, त्याला ताप आलाय."
आणि खरंच, कॉम्प्युटरवर ओला रुमाल होता,
नेमका पंख्याच्या जाळीवर.
तो आधी काढला.

पडद्यावर लाल चौकट :
तुमच्या यंत्रात सत्तेचाळीस व्हायरस सापडले. साफ करू?
खाली दोन बटणं. होय. नाही.
"दहा वेळा नाही दाबलं रे मी."

बाई, त्या चौकटीत होय म्हणजे होय,
आणि नाही म्हणजेसुद्धा होय.
परका माणूस आपल्या देशात येतो,
आपण वरखाली मान हलवतो,
त्याला वाटतं, हो म्हणाले; आपण तर नकार दिलेला.
तसंच काहीसं. फक्त इथे गैरसमज मुद्दाम शिजवलेला असतो.
आग लागली असं ओरडणाराच काड्यापेटी घेऊन आलाय.
त्याच्याशी बोलायचंच नाही.

आलं कुठून, ते सापडलं :
"फुकट बेलोत", पत्त्यांचा डाव.
बेलोतला चार भिडू लागतात,
स्तोयान गेल्यापासून बाईंकडे तीनच.
यावर मी काय बोलणार.

व्हायरसला पाय नसतात, मी सांगू लागलो,
तो आपल्या बोटाने चालतो.
जिवंत नसतो, रागही नसतो त्याला,
चार ओळींची आज्ञा : माझी नक्कल कर,
दुसऱ्याच्या घरात शिर, पुन्हा नक्कल कर.
बाई वहीत उतरवून घेत होत्या,
हिशेबनिसाच्या अक्षरात, डावीकडे समास सोडून.
अपडेट आलं की उद्यावर ढकलू नये.
बँक कधीही पासवर्ड विचारत नाही.
"आणि सगळीकडे मांजराचं नाव नको," मी म्हणालो.
त्या दचकल्या. "तुला कसं कळलं?"
मांजर टेबलाखालून बघत होतं.

मग पेन थांबलं.
"आमच्या बंदराच्या कचेरीत आला होता एक.
एकोणनव्वद साली. मासा.
शुक्रवारी चार वाजता डावीकडून यायचा
आणि आकडे खात उजवीकडे जायचा.
आधी आम्ही हसलो.
सोमवारी कळलं, तीन महिन्यांचा मालाचा हिशेब गेला.
नववर्षाच्या रात्री मी टंकत होते.
स्तोयान एकटा जेवला."

मी सतरा वर्षांचा होतो.
शाळेच्या प्रयोगशाळेत एक प्राव्हेत्स, त्यावर आम्ही सहा जण.
मासा मी दोन रात्रींत काढला,
त्याची शेपटी मिलेनाला दाखवायची होती.
त्याने फक्त पडद्यावरचे आकडे खायचे होते, शप्पथ.
एका ओळीत चूक राहिली.
फ्लॉपी कुणी कुणाला दिली, देव जाणे,
मला वाटायचं, यंत्रापलीकडे यंत्रंच असतात.
तिथे जेवणारा स्तोयान असेल,
हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

स्कॅन बासष्ट टक्क्यांवर अडकला होता.
"ज्याने तो मासा सोडला," मी पडद्याकडे बघत विचारलं,
"त्याला माफ केलंत?"

बाईंनी मान हलवली.
मी अकरा वर्षं व्हिएन्नात काढून आलोय,
तेव्हापासून माझा मानांचा हिशेब चुकतो.
आडवी होती की उभी,
की नुसता मानेवरचा केस झटकला?
पुन्हा विचारायची छाती झाली नाही.

त्यांनी ताटली पुढे सरकवली. सोललेल्या मिरच्या, लसूण, थोडं चीज.
"पुढे सांग. लिहितेय."

लिहा : आठवड्याला एकदा सगळ्याची नक्कल
बाहेरच्या डिस्कवर घ्यायची.
झाली की वायर काढायची. जोडून ठेवायची नाही,
नाहीतर घरात शिरलेला तीही खातो.
"कुठे ठेवू?"
कोरड्यात. बरण्यांच्या फळीवर.

"म्हणजे हिवाळ्याची बेगमी," त्या पुटपुटल्या
आणि तेवढंच लिहिलं.