शेरा

जांबोटीच्या पुढं, चोर्ल्याच्या वाटेवर आमचं रिसॉर्ट:
चौदा खोल्या, एक झोपाळा, आणि रेंज
फक्त पाण्याच्या टाकीपाशी.

मार्चमध्ये हुबळीहून एक पोरगा आला,
पाच टॅब्लेट काउंटरवर मांडून गेला.
खोली झाडली, हिरवं दाबा. चादर बदलली, हिरवं.
गिऱ्हाईक ओरडलं, लाल.
भाषा निवडा, म्हणाला. आमची यादीत नव्हती.
बसलिंगची होती. त्यानं चष्मा लावून दोन ओळी वाचल्या
नि म्हणाला, ही कन्नड आमच्या हुक्केरीची न्हवं.

महिनाभर कुणी काही दाबलं नाही.
म्हणजे दाबायचे, संध्याकाळी, टाकीपाशी उभं राहून,
चौदाच्या चौदा खोल्या एका दमात,
त्यामुळं हुबळीला वाटायचं
सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्याकडं
भूत येऊन झाडून जातंय.

द्रौपदाक्का गावडे तेवढंही करीना.
तिचा हिशेब चादरींच्या कपाटात, दाराच्या आतल्या अंगाला, खडूनं:
उभी रेघ खोलीची, आडवी टॉवेलांची,
फुली म्हणजे काहीतरी सापडलं आणि परत दिलं.
अठरा वर्षांच्या फुल्या.
पाटली, कवळी, पासपोर्ट,
एकदा तर पलंगाखाली झोपी गेलेलं पोर.

मी म्हटलं, आक्का, दाब की एकदा.
म्हणाली, दाबते. आधी सांग,
तिकडच्या बाजूनं मालकाला काय दिसूलालंय?
मला ठाऊक नव्हतं.
सगळ्यांना शिकवणारा मीच, आणि मला ठाऊक नव्हतं.

मालकाचा पासवर्ड काउंटरच्या काचेखाली होता,
त्याच्या मुलीचं नाव आणि जन्मसाल.
रात्री भांडी घासून झाल्यावर
स्क्रीन तिच्याकडं वळवली.
बसलिंग पहिला. भूत दुसरं.
सगळ्यात खाली: द्रौपती जी., खोल्या शून्य.
पुढं एक लाल बाण, जमिनीकडं तोंड करून.

बराच वेळ बघत राहिली.
हे पुसता येतंय? नाही.
मग लिहिता तरी येतंय?
उजव्या टोकाला एक रकाना होता, शेरा,
कुणीच कधी न भरलेला.
लिही, म्हणाली.
चार नंबरच्या म्हातारीला ताप होता. बसून होते तिच्यापाशी.
मी मराठीत लिहिलं.
यंत्रानं हूं की चूं केलं नाही, घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून ती हिरवं दाबू लागली,
खोलीतून बाहेर पडता पडता, ओल्या बोटानं.
तिचं बघून बाकीचे. भूत यायचं थांबलं.
शेऱ्यांनी रकाना फुगला:
गिझर शॉक देतोय. सातची बाई रडत होती.
पगार दहा तारखेला म्हणाला होतात.

पंधरवड्यानं मालकानं पासवर्ड बदलला.
फोन केला नाही, काही विचारलं नाही.
मी आक्काला सांगितलं, आता मलाही दिसत नाही.
ती काही बोलली नाही. चादरी काढल्या,
आणि जाताना कपाटाचं दार
उघडं ठेवून गेली, भिंतीला टेकवून,
वाटेनं येणाऱ्या-जाणाऱ्याला
रेघा दिसतील असं.