खाच

शिवडीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून
आमचा अँटेना उभा आहे.
खाडीत सात बोये.
दर दहा मिनिटांनी ते भरतीची उंची सांगतात,
इतक्या हलक्या आवाजात
की खरखरीच्या खाली ते बोलणं सापडतही नाही.

युक्ती जुनी आहे. एक आकडा घ्यायचा, त्याचा भुगा करायचा,
वाफ्यात नाचणी फेकावी तसा पट्टाभर फेकायचा.
ज्याला फेकण्याचा क्रम ठाऊक
त्यानेच तो वेचायचा.
बाकीच्यांना नुसती माती.

मंगळवारपासून बोया नंबर चार मुका.
पडद्यावर खरखरीच्या सपाट गवतात
एक सुळका. बारीक, उंच, निर्लज्ज.
रात्रंदिवस एकच सूर.
तुळपुळे म्हणाले, पॉवर वाढवा.
ओरडणाऱ्यावर ओरडून काय होतं
ते बघायला आमच्या घरी या, मी म्हटलं. मनात.

बाबांच्या कानात सोळा वर्षं शिट्टी वाजते आहे.
माझगाव गोदीत जहाजांचा गंज ठोकून झाडला, त्याची.
पेटी वाजवायचे, म्हणून पट्टीही सांगतात:
काळी पाच, पण तीन सप्तकं वर.

शिट्टीची खोड अशी
की पुढच्या क्षणीही ती तीच असते.
मागच्या बत्तीस नमुन्यांवरून पुढचा ओळखता येतो.
ओळखला की वजा करायचा.
जे ओळखता येत नाही
तेच आपल्यासाठी पाठवलेलं असतं.
(हे वाक्य अहवालातून काढलं.)

सुळका छाटताना
त्याच्या बुडाचं थोडं गवतही जातं.
जाऊ दे. भुगा केला होता तो यासाठीच,
मूठभर दाणे गेले तरी पीक कळावं.

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
चार नंबर बोलला: चार मीटर बारा.

सुळका कुठला तेही नंतर कळलं.
बंदर रस्त्यावर एका गोदामाच्या माळ्यावर
सिग्नल वाढवणारा स्वस्तातला डबा, स्वतःशीच गुणगुणणारा.
त्याच्यावर तिथला रखवालदार, रामसजीवन,
रोज रात्री मुलीचे पाढे ऐकतो.
तक्रारीचा अर्ज अजून माझ्या खणात आहे.
खाच राहू दिली, काम चाललंय.

घरी आले तर बाबा जागे.
त्यांना श ऐकू येत नाही, स तर नाहीच.
शिवडी म्हटलं की इवडी पोचते,
सात म्हटलं की आत.
उरलेल्यातून ते मला वेचतात,
कधी चुकतात, मग हसतात.

चार मीटर बारा, मी म्हटलं.
यात श नाही, स नाही.
ते थोडा वेळ गप्प बसले,
मग म्हणाले,
म्हणजे धक्क्याची चौथी पायरी बुडाली असेल.