कवाडाची आवक

त्या साली नकाशावरची निळी रेषा मी काढली.
म्हणजे हात माझा, पेन सरकारी,
एकास चार हजार प्रमाण,
आणि ट्रेसिंगवर घाम पडू नये म्हणून
मनगटाखाली दुमडलेला रुमाल.

जयंती नाल्यापासून घाटाकडं येताना
रेषा पंचगंगेच्या मनानं चालली होती.
एका ठिकाणी साहेबांनी पेन्सिलीचं टोक टेकवलं :
इथं जरा नदीच्या अंगानं घे.
तिथं मंगल कार्यालय होतं,
दोन पुरुष उंच मुरमाच्या भरावावर.
मी घेतली.
चार मिलिमीटर.
जमिनीवर सोळा मीटर,
म्हणजे जेवणाची एक पंगत
आणि शेवटाला आहेराचं टेबल.

त्याला लागून परटांची आळी. तिला हिरवा रंग,
उद्यान, आरक्षण क्रमांक एकशे बारा.
हिरवा भरताना ब्रश ओला लागतो
नाहीतर पट्टे उमटतात.
मी पट्टे उमटू दिले नाहीत.

मोजणीला गेलो तेव्हा गोदाक्का परीट
इस्त्रीत कोळसा भरत होती.
"पानी मोजाय आलाय व्हय? मोजून ठेवलंय मी."
आणि कवाड पुढं ओढलं :
आंब्याचं साधं फळकूट,
त्यावर खिळे, खालून वर.
एकोणनव्वदचा गुडघ्याला, गंजून काळा.
दोन हजार पाचचा कमरेला.
एकोणीसचा तिचा हात पोचत नाही तिथं,
पाणी उतरल्यावर नातवानं स्टुलावर चढून ठोकलेला.
एकवीसचा त्याच्याखाली चार बोटं.

"पुलाला मच्छिंद्री झाली की आमी बोचकी बांधतो,
चिठ्ठ्या लावून, अन् वरच्या पेठंत जातो.
गिऱ्हाइकाची एक चादर हरवली न्हाई आजवर.
त्यो मुरूम पडल्यापास्नं
खिळं मात्र वर चालल्यात."

सुनावणीला माणसं कागद घेऊन आली.
ती कवाड घेऊन आली, टेम्पोत आडवं घालून,
ओरखडा नको म्हणून वर धुतलेली चादर.
दुसऱ्या मजल्यावर ते नातवानं आणि मी चढवलं.
समिती म्हणाली, हरकत लेखी द्या, तीन प्रतींत.
"ही लेखीच हाय की," ती म्हणाली,
"प्रती कुठनं आनू? एकच दार हुतं घराला."
कुणीतरी हसलं.
मग आवक कारकून रेडेकर उठला,
शिक्क्यावर फुंकर मारली
आणि एकवीसच्या खिळ्याशेजारी दाबून धरला.
"ऱ्हाऊ द्या हितंच," गोदाक्का म्हणाली,
"निकाल लागंस्तवर गोणपाट लावतो."

आरक्षण कायम झालं.
तिला गावाबाहेर चौथा मजला मिळाला,
धुणं वाळत घालायला खिडकीएवढं आभाळ.
आळीच्या जागी आता बाकं आहेत, कारंजं आहे,
फोटो काढायला उभी केलेली गावाच्या नावाची अक्षरं.
पुरात सगळं बुडतं, आणि ते बरोबरच आहे.
नदीच्या पोटात घर नको,
हे मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं.
पटत नाहीत ते चार मिलिमीटर.
कार्यालयात परवा बारशाचं जेवण होतं,
जिलेबीचा वास बागेपर्यंत.

कवाड अभिलेख कक्षात आहे,
नकाशांचं कपाट आणि भिंत यांच्या फटीत.
जुलैत फुगतं.
कपाटाचा एक पल्ला मग दसऱ्यापर्यंत उघडत नाही.
नवे साहेब म्हणतात, काढा ते लाकूड.
रेडेकर रजिस्टर उघडून दाखवतो :
आवक आहे, सर. जावक नाही.

काल सगळे गेल्यावर मी स्टूल घेऊन आत गेलो.
एकोणीसच्या खिळ्याच्या वर
अजून एक वीत लाकूड कोरं आहे.