आणणारा मीच, सोडणारा मीच

न्डोलाच्या विमानतळावर पाटी धरून मी उभा असतो.
पाटीवरचं नाव दर वर्षी बदलतं, पुठ्ठा तोच.
मागच्या बाजूला अजून
त्या पोर्तुगीज माणसाचं नाव आहे, खोडलेलं.

राडोमिर पेकिच आला तेव्हा मार्च संपत होता.
बॅगेचं एक चाक तुटलेलं,
कुलपाच्या जागी गोलच्या जाळीची दोरी.
गाडीत बसला आणि पहिलं वाक्य बोलला :
आधीचा किती टिकला?
सात महिने.
त्याच्या आधीचा?
त्याला मलेरिया झाला, तो धरू नका.
मला धरा, म्हणाला. मला दोनदा झालाय.

बारा गावचं पाणी प्यालेला माणूस,
आणि बाराही गावी पोट बिघडलेलं.
ओरुरोत हवा इतकी विरळ
की लाथ मारली की चेंडू परतायचं विसरतो.
तोर्सहावनला उलटं, गोलकीपरने मारलेला चेंडू
वारा त्याच्याच हातात आणून देतो.
यांगूनमध्ये मालकाच्या मेव्हण्याला पुढे खेळवावं लागे.
ओम्दुरमानला धुळीचं वादळ आलं, सामना थांबला नाही.
तिथे आम्ही जिंकलो, चिलुफ्या,
निदान माझी तशी समजूत आहे.

क्लबने दोन खोल्यांचं घर दिलं.
अकरा महिन्यांत बॅग काही रिकामी झाली नाही,
सदरा तिच्यातून निघे, धुऊन तिच्यातच जाई.
भिंतीत आधीच्या कुणाचा तरी खिळा होता.
त्याला त्याने शिट्टी अडकवली.
बस्तान म्हणायचं तर तेवढंच.

म्वापे नावाचा पोरगा डाव्या बाजूला खेळायचा,
पास नेहमी उशिरा. लोक शिव्या घालायचे,
आळशी, कोंबडीच्या पायाचा.
पेकिचने त्याला गाडीत घातलं
आणि मला म्हणाला, चष्म्याच्या दुकानात.
तीन महिन्यांचा पगार थकलेला असताना
पैसे स्वतःच्या खिशातून मोजले.
बाहेर येऊन म्वापे रस्त्यापलीकडची पाटी
मोठ्याने वाचायला लागला : टायर. बॅटरी. शवपेट्या.
पेकिच मागे उभा, मान डोलवत,
जणू तो गोलच मारतोय.

खरे गोल मात्र झाले नाहीत.
म्हणजे झाले, आमच्यावर. कित्वेला चार.
सोमवारी सेक्रेटरीने नारळ दिला,
तोही फोनवर, आणि फोन माझा.
बोलणं ऐकून त्याने तो पुसून परत केला,
गालाचा घाम लागला होता म्हणून.

गाशा गुंडाळायला पाच मिनिटं लागली.
शिट्टी राहिली होती, ती मी काढून दिली.
विमानतळाच्या रस्त्यावर, शाळेच्या मैदानापाशी
म्हणाला, थांब जरा.
चिखलात अनवाणी पोरं खेळत होती,
चेंडू प्लास्टिकच्या पिशव्यांचा, सुतळीने आवळलेला.
तो कुंपणाशी उभा राहिला. मग आत गेला.
एका किडकिडीत पोराला खांद्याला धरून
तीन पावलं डावीकडे सरकवलं
आणि परत येऊन बसला.
काच वर करताना हात किंचित थरथरत होता
किंवा गाडीचं इंजिन असेल, ते जुनं आहे.

मी आरशात पाहिलं.
पोरगा तीन पावलं उजवीकडे गेला होता,
आपल्या जुन्या जागी.
मी काही बोललो नाही.

आता तो कुठे असतो, ठाऊक नाही.
डिसेंबरात एक पोस्टकार्ड आलं,
तिकिटावरची लिपी आमच्याकडे कुणालाच वाचता आली नाही,
म्वापेलासुद्धा, चष्मा लावून.
मजकूर एका ओळीचा : इथे ड्रायव्हर फार जोरात चालवतो.

परवा पाटी पुन्हा रंगवली.
नवा माणूस उंच, बूट चकचकीत, बॅगेची चारही चाकं शाबूत.
मागच्या सीटवर बसला, खिडकीबाहेर पाहिलं,
घसा साफ केला :
आधीचा किती टिकला?

मी म्हटलं, पट्टा लावा साहेब.
पुढे खड्डे आहेत.